घरासमोरचा डोंगर आणि न सापडणारी वाट (फोंडा तालुका)

सोप्यावरचा | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी.

आमच्या सोप्यावर बसलं की समोर एक डोंगर दिसतो. डोंगर हे गावच्या प्रेमाने म्हणायचं, घाटावरची मंडळी त्याला टेकाड म्हणतील. सर्वे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशात दर २० मीटरला एक समोच्च रेषा असते. त्यातली या डोंगराची शेवटची बंद रेषा १८० मीटरची. म्हणजे माथा १८० आणि २०० च्या मध्ये कुठेतरी. आमचं घर तिसाच्या आसपास. चढ फार तर दीडशे-पावणेदोनशे मीटरचा.

कळसूबाई (१६४६ मीटर) माझी दोनदा झाली आहे. कॉलेजात असताना वाघेरी केला, चंद्रनाथाच्या पायऱ्या तर आजीचा हात धरून चढलो. आणि जन्मापासून डोळ्यांसमोर असलेल्या या डोंगराच्या माथ्यावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकदाही पाय ठेवलेला नाही. लहानपणी विचारलं तर घरून एकच उत्तर मिळायचं, ‘वर काय ठेवलंय?’

गेल्या डिसेंबरपासून दोन प्रयत्न झाले, दोन्ही फसले.

पहिला देवळाच्या मागून. अग्रशाळेच्या बाजूने डांबरी रस्ता वर जातो. मला वाटलं, निम्मं काम झालं. रस्ता पाण्याच्या टाकीपाशी संपला. टाकीमागे चिऱ्यांचा गडगा, गडग्यावर काटेरी तार, तारेला पत्र्याचा बोर्ड. बोर्डावरची अक्षरं गंजून गेलेली, पण अर्थ पोचत होता. उरलासुरला अर्थ तीन कुत्र्यांनी समजावला.

दुसरा प्रयत्न मागच्या अंगाने, बंद पडलेल्या चिरेखाणीकडून. ज्यांनी चिरेखाण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: यंत्राने चिरे कापून काढले की जमिनीला चौकोनी खड्डा पडतो आणि त्याच्या भिंती अशा सरळ उभ्या राहतात की सुतार ओळंबा लावून बघेल. तळाला हिरवं पाणी. खाणीच्या काठाकाठाने सड्यावर पोचलो. सडा संपला तिथे रानमोडीची दाट झुडपं सुरू झाली, डोक्याच्या वर. हातातल्या काठीने वाट पाडत असेन पंधरा मिनिटं, तेवढ्यात मानेवर काहीतरी भुरभुरल्यासारखं झालं. वर बघितलं तर सुकलेल्या शेंगांचे घोस, सोनेरी लव असलेले. खाजकुइली! पुढचा तासभर काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शर्ट आजही अंगणातल्या दांडीवर आहे, आई तो घरात घेत नाही.

प्रश्न असा: अशा बिनवाटेच्या, बिननावाच्या डोंगरावर कोणी गेलंय का? कुठल्या बाजूने जावं, कोणाला विचारावं?

---

रिकामा रापणकार | ९ फेब्रुवारी

पणजीतल्या आल्तिन्योच्या टेकडीवर जा की राव. गाडी वरपर्यंत जाते, शिवाय उतरल्यावर चहा-भजी.

---

भटकंती_कोथरूड | ९ फेब्रुवारी

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

पण १५० मीटर चढाला एवढं काय? गूगल अर्थवर वाट शोधून ट्रॅक बनवा, फोनमध्ये टाका आणि नाकासमोर चाला. कोयता न्या. आम्ही पावसाळ्यात मावळातले अनवट घाट असेच करतो. चढाची श्रेणी काय धरायची, सोपी ना?

अवांतर: खाजकुइलीवर पाणी चुकूनही मारू नये, पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढायची.

---

सोप्यावरचा | १० फेब्रुवारी

@भटकंती, चिकटपट्टीबद्दल आभार, पण सल्ला एक दिवस उशिरा आला. मी पाणीच मारलं होतं.

गूगल अर्थवर बघितलं. वरून काजूची आणि माट्टीची पालवी तेवढी दिसते, हिरव्या फ्लॉवरचा गड्डा ठेवल्यासारखी. खाली वाट आहे की वाघ, काही कळत नाही. आणि कोयता घेऊन दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, शिरणारा माणूस मी नव्हे. पुढच्या चतुर्थीला त्याच माणसाच्या शेजारी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांचं) सामान घ्यायला उभं राहायचं असतं.

---

कुळागरातली मालन | १० फेब्रुवारी

दादा, तुमचं चुकतंय ते बाजूचं नाही, वेळेचं आणि विचारण्याचं.

फोंडा तालुक्यातले बहुतेक छोटे डोंगर म्हणजे काजूची भाटं. काही खाजगी, काही कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीची), आणि दरवर्षी त्यांची पावणी होते, म्हणजे लिलाव. ज्याने पावणी घेतली त्याचा तो हंगाम. माझ्या वडिलांनी बरीच वर्षं घेतली होती, म्हणून सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत माणसं लावून झाडांखालचं सगळं रान साफ करतात. का, तर बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून काढायचा नसतो, पिकून आपसूक खाली पडलेलाच वेचायचा. काढलेल्या बोंडूची दारू नीट होत नाही. खाली रान असलं तर पडलेला बोंडू सापडणार कसा? म्हणून मार्च ते मेच्या मध्यापर्यंत डोंगर झाडून काढलेल्या अंगणासारखा असतो. जूनमध्ये पाऊस पडला की पंधरा दिवसांत रान परत कंबरभर.

म्हणजे गंमत बघा. वाट असते तेव्हा राखणारा असतो, राखणारा नसतो तेव्हा वाट नसते. तुम्ही डिसेंबरात गेलात, त्यात सगळ्यात वाईट बाजूने. तुम्हाला रानमोडी भेटली नसती तरच नवल.

मार्चअखेर जा. सकाळी साडेसहाला जा, कारण वेचणी पहाटेची असते. विचारून जा.

---

भटकंती_कोथरूड | १० फेब्रुवारी

हे माहीत नव्हतं. फेणी बाटलीतून येते एवढंच ज्ञान होतं.

---

कुळागरातली मालन | १० फेब्रुवारी

आधी हुर्राक येतो, मग फेणी. पहिल्या धारेचा तो हुर्राक, तो परत भट्टीला लावला की फेणी. हुर्राक हंगामापुरता, टिकत नाही. बोंडू तुडवतात त्या दगडी कुंडाला कोळंबी म्हणतात. तुमच्या ताटातली कोळंबी वेगळी, तिला आम्ही सुंगटं म्हणतो. नाहीतर विचारायचात, तुडवल्यावर तळायची कशी.

---

नकाशेवाला | ११ फेब्रुवारी

उंचीबद्दल थोडं लिहितो, कारण धाग्यात पुढे भांडण याच्यावरूनच होणार.

सर्वेच्या नकाशात बारीक त्रिकोण असेल तर ते त्रिकोणमितीने मोजलेलं ठाणं. नुसता ठिपका आणि आकडा असेल तर साधी बिंदू-उंची. तुम्ही फक्त १८०ची रेषा लिहिलीत, म्हणजे माथ्यावर दोन्ही नसावं. असे डोंगर खूप आहेत, त्यांचा नेमका आकडा कुठेच छापलेला नाही.

उपग्रहाच्या आकड्यांवर विसंबू नका. आंतरजालावरचे बरेचसे नकाशे ज्या रडार-मोजणीवर उभे आहेत, ती दाट झाडीत जमीन नाही, बरंचसं झाडांचे शेंडेच मोजते. तुमचा डोंगर तिथे दहा-पंधरा मीटर उंच दिसेल, काजू-माट्टीच्या खर्चाने.

फोनही फसवतो. जीपीएस मुळात उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरहून जास्त अंतर आहे. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. दुरुस्ती न करणारं ॲप मिरामारच्या वाळूवर उघडून बघा, तुम्ही समुद्राच्या तळाशी आहात असं दाखवेल.

मोठ्या शिखरांचीही हीच तऱ्हा. गोव्यातलं सर्वांत उंच म्हणून सोसोगडाचं नाव घेतात, पण त्याची उंची कुठे ११६७ मीटर छापलेली आहे, कुठे १०२६. तुमच्या टेकाडाची काय कथा?

माथ्यावर दोन ठिकाणं सारखी वाटली तर पाण्याच्या नळीने बघा. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी, दहा मीटर पुरे.

---

सोप्यावरचा | ११ फेब्रुवारी

त्रिकोण नाही, ठिपकाही नाही. अगदी बरोबर ओळखलंत.

---

तिस्कावरचा | १२ फेब्रुवारी

डोंगराचं नाव का देत नाही? गावाचं नाव का नाही? एवढं काय गुपित? माहिती द्यायची तर पूर्ण द्या, नाहीतर धागा कशाला काढायचा.

---

सोप्यावरचा | १२ फेब्रुवारी

नाव असं एक नाहीच. आमच्या वाड्यावर त्याला ‘दोंगर’ म्हणतात, पलीकडच्या गावात दुसरंच काहीतरी, आणि खाणीच्या बाजूचे लोक खाण म्हणतात.

गावाचं नाव मात्र मुद्दाम देत नाही. जागा कोणाची तरी आहे आणि त्या कोणाला तरी मी अजून विचारलेलं नाही. आज इथे लिहिलं तर रविवारी पाच गाड्या टाकीपाशी उभ्या राहतील.

---

तिस्कावरचा | १२ फेब्रुवारी

पाच गाड्या! स्वतःबद्दल बराच मोठा समज आहे.

---

पणजीची फेरीबोट | १२ फेब्रुवारी

नाव न देण्याच्या बाजूने मी. हल्ली डोंगराचा फोटो टाकला की खाली पहिली विचारणा ‘दर काय चौरस मीटरला’ अशी येते. नगरनियोजन कायद्यात १७-ए कलम आहे, परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही. तरी कापलेल्या लाल जखमा रस्त्यारस्त्यावर दिसतात. ज्या डोंगराकडे कोणाचं लक्ष नाही तो तसाच राहू दे.

@सोप्यावरचा, जागा कोणाची ते बघायला फॉर्म १ व १४ काढा. सर्वे नंबर कळला की आंतरजालावर फुकट दिसतो. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात कोमुनिदादचं नाव असलं तर वेगळी गंमत. कोमुनिदाद म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची गावकऱ्यांची सामाईक जमीन. पोर्तुगिजांनी तिला कायद्यात बसवलं, शेवटची संहिता १९६१ ची, म्हणजे जायच्या वर्षीची. जाताना सामान बांधायचं सोडून कायदा लिहीत बसले. ती आजही चालते. गावकार म्हणजे भागधारक, वर अध्यक्ष, हिशेब ठेवायला एस्क्रिव्हांव.

---

सोप्यावरचा | १५ फेब्रुवारी

काढला. माथ्याच्या आसपास तीन सर्वे नंबर एकमेकांना टेकतात. दोन खाजगी, एक कोमुनिदादचा. एका खाजगी नंबरावर अकरा नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं पोर्तुगालात किंवा इंग्लंडात असावीत. परवानगी कोणाकडे मागू, व्हॉट्सॲप ग्रुप काढू?

---

कुळागरातली मालन | १५ फेब्रुवारी

कागद कपाटात ठेवा. यंदाची पावणी कोणाकडे आहे ते देवळासमोरच्या दुकानात विचारा. दुकानदाराला माहीत नसेल असं होत नाही.

---

गोळ्या-औषधं | १७ फेब्रुवारी

वैद्यकीय टिपणी, घाबरवण्यासाठी नाही. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले, त्यांत काजू वेचणारे बरेच होते. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून येतो. जंगलात माकडं मरून पडलेली दिसली तर तिथून लांब राहायचं, हात लावायचा नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. हंगाम साधारण तोच, डिसेंबर ते मे. फोंड्याच्या बाजूला भीती कमी आहे, तरी पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासणं. पालापाचोळ्यावर पाय पसरून बसू नका. लोक चढताना जपतात आणि डबा खायला नेमके तिथेच बसतात.

---

भटकंती_कोथरूड | १७ फेब्रुवारी

मोज्यात पँट खोचून गाव ओलांडायचं म्हणजे...

---

रिकामा रापणकार | १७ फेब्रुवारी

म्हणून म्हणतो, आल्तिन्यो.

---

सोप्यावरचा | ३ मार्च

अद्यतन. दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं: पावणी पलीकडच्या वाड्यावरच्या एका आजीच्या कुटुंबाकडे आहे, गेली कित्येक वर्षं. मी विचारलं, ‘मला वर जाऊ देतील?’ तो म्हणाला, ‘सिगरेट ओढता?’ नाही म्हटलं. ‘मग देतील.’

२०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यापासून सगळीकडे डोंगर पेटले होते, तेव्हापासून कोरड्या दिवसांत परका माणूस डोंगरावर दिसला की लोक आधी त्याच्या खिशाकडे बघतात. दोष देता येत नाही. एका काडीत अख्ख्या वर्षाची कमाई जाते.

---

नकाशेवाला | ३ मार्च

नळी विसरू नका.

---

सोप्यावरचा | ६ एप्रिल

जाऊन आलो! सविस्तर लिहितो, सहन करा.

काल रविवार. पोदेराकडून (पाववाल्याकडून) गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, एक डझन, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं. सहा वीसला टाकीपाशी. कुत्रे तेच, पण गडग्याला एक फट होती आणि फटीत बांबूचं फाटक, जे डिसेंबरात मला दिसलंच नव्हतं. फाटकाआडून आवाज आला:

‘कोण रे तो?’

आजी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेला पिशवी, हातात टोकाला खिळा लावलेली काठी. न वाकता बोंडू टोचायचा, वर आणायचा, अंगठ्याने पिळा देऊन बी वेगळी करायची, बी पिशवीत, बोंडू डब्यात. माझ्याशी बोलताना हे एकदाही थांबलं नाही.

मी नाव सांगितलं. त्याने काही झालं नाही.

‘तूं कोणालो?’

हा खरा प्रश्न. वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग घराची खूण: वळणावरचं, फणसाचं. तिथे काठी थांबली. आमची आजी दर मे महिन्यात हिच्या सासूकडून काजूबिया घ्यायची, म्हणे, आणि दर वेळी वजनावरून भांडायची. ‘तुजी आजी वायट बायल,’ असं म्हणून ती हसली आणि उंड्यांची पिशवी घेतली. अकरा नावांच्या फॉर्मने जे होणार नव्हतं ते झालं.

‘वयर कितेंच ना मरे,’ एवढं मात्र तिने बजावलं, आणि नातवाला हाक मारली. वय बारा-तेरा, पायात रबरी चपला. मी मोज्यात पँट खोचून, उंच बुटांत, पाठीवर दोन लिटर पाणी. पोराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही बोललं नाही, हे त्याचे उपकार.

वाट कशी आहे ते सांगतो. वाट नाहीच. एका काजूपासून दुसऱ्या काजूकडे जायचं, बस. खालचं रान साफ केलेलं, त्यामुळे कुठूनही चढता येतं. पण वाळक्या पानांवर पाय घसरतात आणि पानाखाली पिकलेला बोंडू असला तर दुप्पट घसरतात. वास असा की नुसत्या वासाने गुंगी यावी. मध्यावर कोळंबी लागली, कातळात खोदलेली, कडेने काळी पडलेली. तिच्या तोंडातून खालच्या भांड्यात थेंब थेंब नीरो, बोंडूचा ताजा रस, पडत होता. पोराने करवंटी भरून दिली. गोड, आणि मग घशात किंचित ओढल्यासारखं होतं. मालनताई, त्या करवंटीसाठी मी परत चढेन.

कोळंबीच्या वर काजू विरळ होतात, मग कातळ. सात वाजताच पायाखाली ऊब जाणवायला लागली. करवंदाच्या जाळ्या होत्या, फळं अजून हिरवी. तिथून शेवटचा टप्पा दोन मिनिटांचा. फाटकापासून माथा, सगळं मिळून बावीस मिनिटं.

सत्तेचाळीस वर्षं आणि बावीस मिनिटं.

माथ्यावर काय आहे? सात-आठ माट्टीची झाडं, मधे थोडी मोकळी जागा. एका बाजूला कमरेएवढा चिऱ्याचा खांब, वरचा अर्धा फुटलेला. मी त्याच्याकडे धावलो, हात ठेवला, पोराला फोटो काढायला सांगितलं. पोराने फोन घेतलाच नाही. ‘तो न्हय,’ म्हणाला, ‘हांगा.’ आणि त्याने चपला काढल्या.

पंधरा-वीस पावलांवर रोयण होती. वारुळ. माझ्या खांद्याएवढी, लाल, सुळके सुळके असलेली, पायथ्याशी नारळाची भकलं, सुकलेली अबोली आणि पिंजर. आमच्याकडे रोयण म्हणजे सातेरी, भूमीचंच रूप. हे मी पुण्याच्या मंडळींसाठी लिहितोय, गोव्यात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या देवळातली सातेरीसुद्धा मूळ रोयणच, वर चांदीचा मुखवटा.

मीही बूट काढले. मोज्यातून पँट बाहेर काढताना पोर शेवटी हसलं.

नकाशेवाले, तुमची नळी आणली नव्हती, कबूल. पण अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरून, पाण्याची रेष डोळ्याशी जुळवून बघितलं, चार वेळा, दोन्ही बाजूंनी. खांबाच्या बुडापेक्षा रोयणीच्या बुडाची जमीन साधारण वीतभर उंच आहे. म्हणजे डोंगराचा सर्वोच्च बिंदू रोयणीखाली आहे. तिथे उभं राहता येत नाही.

देखावा? नाही. सगळीकडे झाडं. दोन माट्ट्यांच्या मधून जुवारी नदीची चमकणारी एक पट्टी दिसते, बस. आमचं घर दिसत नाही. पोर म्हणालं, त्या आडव्या फांदीवर चढ. चढलो (मणक्याच्या डॉक्टरांना सांगू नका). मग दिसलं: नळ्यांचं छप्पर, पावसाळ्यात घातलेला आणि काढायचा राहिलेला निळा प्लास्टिक. आमच्या घरात फोनला रेंज मिळायला न्हाणीच्या खिडकीशी उभं राहावं लागतं, इथे पाचही दांड्या. आईला फोन लावला.

‘आई, अंगणात ये आणि हात हालव.’

‘कोणता हालवू? बांगडे कापतेय, दोन्ही हातांना मासळीचं रक्त लागलंय.’

तरी आली. एक ठिपका तुळशीपाशी आला आणि ठिपक्याने काहीतरी हलवलं. नंतर कळलं, ती मांजराला हाकलत होती.

---

कुळागरातली मालन | ६ एप्रिल

‘तुजी आजी वायट बायल’!! वाचून बराच वेळ हसत होते. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र काजूवालीकडून मिळत नाही.

उंडे नेलेत हे बरं केलंत. मी सांगायला विसरले होते.

---

भटकंती_कोथरूड | ६ एप्रिल

झकास! पण तांत्रिक मुद्दा. माथ्यावर पाय लागला नाही, तर डोंगर सर झाला असं धरायचं का?

---

नकाशेवाला | ७ एप्रिल

वारुळ ही नैसर्गिक जमीन धरायची की बांधकाम, इथून सुरुवात आहे. मुंग्या-वाळवीचं बांधकाम धरलं तर ते मोजायचं नाही, जसं डोंगरावरच्या देवळाचा कळस मोजत नाहीत. मग सर्वोच्च जमीन रोयणीखालची. ती झाकलेली आहे. बाजूला जिथे उघडी जमीन सर्वांत उंच, तिथे उभे राहिलात ना? झालं.

आणि बाटलीची पद्धत वाईट नाही, पण वीस पावलांवर वीतभर चूक त्या पद्धतीतच येऊ शकते. खांब उंच निघाला तर? नळी!

---

तिस्कावरचा | ७ एप्रिल

रोयण वाढते. पाच वर्षांनी डोंगराची उंची वाढली म्हणाल.

---

पणजीची फेरीबोट | ७ एप्रिल

वाढू दे. गोव्यात वाढणारा एक तरी डोंगर असेल.

फुटका खांब बहुतेक हद्दीचा असावा. तीन सर्वे नंबर टेकतात म्हणालात ना, तिठ्यावर असा दगड उभा करायची पद्धत आहे. जवळ जाऊन कोरलेलं अक्षर वगैरे बघितलंत का?

---

सोप्यावरचा | ७ एप्रिल

एका अंगाला काहीतरी होतं, पण शेवाळ सुकून दगडावर पापुद्रे आलेले. नखाने खरवडलं तर पोर म्हणालं, ‘आजी मारतली.’ सोडून दिलं.

@भटकंती, हाच प्रश्न मी उतरताना पोराला विचारला. मी माथ्यावर पोचलो की नाही? त्याला प्रश्नच कळला नाही. ‘तूं आयलो न्हय?’ म्हणाला, आणि पुढे चालायला लागला.

---

गोळ्या-औषधं | ८ एप्रिल

गोचीड तपासल्या का?

---

सोप्यावरचा | ८ एप्रिल

तपासल्या. एक निघाली, मोज्याच्या आत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली, जागा साबणाने धुतली. दोन आठवडे तापावर लक्ष ठेवतोय. दुसऱ्या मोज्यात एक काजूबी निघाली, ती कशी गेली माहीत नाही.

---

रिकामा रापणकार | ८ एप्रिल

बरं, हुर्राक किती आणला ते कोणीच विचारलेलं नाही. धाग्याचा दर्जा घसरत चाललाय.

---

सोप्यावरचा | ८ एप्रिल

एक बाटली. लिंबू, मीठ, हिरवी मिरची उभी चिरून. संपली.

---

भटकंती_कोथरूड | २२ एप्रिल

ताप आला का? आणि पुढच्या वर्षी येऊ का मी? गाव सांगू नका, डोळ्यांवर पट्टी बांधून न्या.

---

सोप्यावरचा | २३ एप्रिल

ताप नाही. या. पुढच्या हंगामाची पावणी आजीकडेच राहिली तर मार्चमध्ये, नाहीतर जो घेईल त्याच्या आजीची आमच्या आजीशी काय भांडणं होती ते आधी शोधावं लागेल. उंडे तुमच्याकडे.

---

सोप्यावरचा | ९ जून

परवापासून पाऊस लागला. खालून बघितलं, गडग्यामागे रानमोडी वर यायला लागली आहे, बांबूच्या फाटकाला दोरी बांधलेली. माथा ढगात आहे, सोप्यावरून दिसत नाही.

फोंड्याच्या बाजारातून दहा मीटर नळी आणून ठेवली आहे. ती न्हाणीत का टांगली आहे, असं आई रोज विचारते.